निधर्मी वरण-भात

घरात देव्हारा नाही, सत्यनारायण शेजारच्यांकडे असतो आणि त्याचा शिरा आपल्याकडे प्रसाद म्हणून नव्हे तर शिरा म्हणून खाल्ला जातो, अशा घरांतल्या पालकांसाठी हे मार्गदर्शन आहे. मुलं दोन ते सहा वर्षांची धरली आहेत. त्यापुढची मुलं ताट घेऊन टीव्हीसमोर जातात आणि विधींचा प्रश्न आपोआप मिटतो.

संकट बालवाडीतून येतं. साडेतीन वर्षांचं लेकरू एके दिवशी ताटासमोर हात जोडतं, डोळे मिटतं आणि ‘वदनी कवळ घेता’ खणखणीत आवाजात म्हणून मोकळं होतं. घाबरू नका. त्याला थांबवू तर मुळीच नका. अडवलेली गोष्ट मूल लिफ्टमध्ये म्हणतं, आणि नेमकी तुमच्या चळवळीतल्या मित्रांसमोर म्हणतं. तेव्हा निमूट जेवा आणि रात्री मुलं झोपल्यावर पुरोगामी घराला शोभेलसं काम हाती घ्या: मजकुरात दुरुस्ती.

इथे घाई नडते. बहुतेक पालक ‘श्रीहरीचे’ काढून तिथे ‘शेतकऱ्याचे’ घालतात. विचार उत्तम, वृत्त बोंबलतं. श्लोक मालिनीत आहे. ओळीला १५ अक्षरं, पहिली सहा लघू, आठव्या अक्षराशी श्वास. ‘श्रीहरीचे’ चार अक्षरांत बसतो, ‘शेतकऱ्याचे’ला पाच लागतात. मधलं एक लघू अक्षर जास्तीचं होतं, त्याला अडखळून मूल पडतं आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून धरतं. तोवर वरणावर साय येते. ‘निसर्गाचे’ही करून पाहाल. अक्षरं चारच, पण जिथे ‘श्री’चा ठेका पडायचा तिथे ऱ्हस्व ‘नि’ येतो, मग मूल ‘नीसर्गाचे’ म्हणतं आणि घरातल्या मराठीच्या अभिमान्याला घास जात नाही. ‘संविधानाचे’ चार अक्षरं नीट चालतं आणि मग एका अक्षरानं ओळीबाहेर लोंबकळतं.

वृत्तात चपखल बसेल असा बदल आहे: ‘नाम घ्या त्या बळीचे’. गुरू, लघू, गुरू, गुरू, सगळं जागच्या जागी. शेतकरी आला, जोतीराव फुल्यांचा बळीराजा आला, आजीची ‘इडा पिडा टळो’ही आली. समाधान साधारण पंधरा दिवस टिकतं. मग प्रश्न येतो, बळी कोण? चांगला राजा होता, मागेल त्याला द्यायचा. मग कुठे गेला? एका बुटक्या मुलानं त्याला पाताळात ढकललं. तो मुलगा कोण? आता खोटं बोलायचं नाही हे तर तुमच्या घराचं एकमेव व्रत. म्हणजे ज्याला पुढच्या दारानं घालवला, तोच तीन पावलं टाकत मागच्या दारानं येऊन पाटावर बसला. लेकराला तर तो बळीपेक्षा जास्त आवडतो, कारण तो लहान असूनही जिंकतो.

काही घरं संविधानाच्या उद्देशिकेकडे वळतात. शाळेच्या परिपाठात ती छानच वाटते. ताटावर तिची अडचण एवढीच की ती अख्खी एकच वाक्य आहे, मध्ये कुठे घास घ्यायला जागा नाही.

मग उरते कृतज्ञता-फेरी. प्रत्येकानं दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि मगच जेवायचं. हिशोब करून ठेवा. चार माणसं, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे सहा मिनिटं. तीन वर्षांचं मूल जेवायला एका जागी बसतं दहा, फार तर पंधरा मिनिटं. म्हणजे पहिल्या घासाआधीच निम्म्याच्या आसपास भांडवल संपलं आणि भातावरचं तूप थिजलं. शिवाय थोरला म्हणणार, ‘आज भेंडी नाही म्हणून मला छान वाटतंय.’ त्याच क्षणी झाकण उघडेल आणि आत भेंडी असेल.

श्लोकाची करामत काय आहे, ते तुम्हाला ठाऊक असून चालणार नाही, नाहीतर हा सगळा खटाटोप करावासाच वाटणार नाही. तो अर्ध्या मिनिटात संपतो. रोज तोच असतो, त्यामुळे कुणाला काही सुचावं लागत नाही. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत तो सुरू होत नाही. आणि जोडलेल्या हातांनी पापड उचलता येत नाही. हीच चारही कामं डोक्यावर हात ठेवून एक ते वीस आकडे म्हटल्यानंही होतात, पण त्यात वैचारिक असं काही नाही, म्हणून ते आपण करत नाही.

आता पान वाढणं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे, ही मांडणी तुम्ही मोडणार नाहीच. तिला फक्त कारण द्यावं लागेल. लिंबाची सोय आहे: त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. हे खरं आहे, त्यामुळे जोरात सांगा. पण लिंबू डावीकडेच का, असं विचारलं की तुम्ही संपलात. उजव्या हातानंच का जेवायचं, पानात का टाकायचं नाही, उष्टा हात डावाला का लावायचा नाही, प्रत्येक ‘का’ला उत्तर द्यायचं असं ठरलेलं आहे. चौथ्या ‘का’ला उत्तर येतं, ‘मी सांगतोय म्हणून.’ श्रुतिवचनही इतकं नेमकं नसतं.

मुलाच्या ताटात किती वाढायचं याचा ढोबळ अंदाज असा: वयाच्या दर वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भात, तीन चमचे वरण. हे फारच कमी दिसतं, म्हणून तुम्ही डाव उपडा करा, मग अर्धा तास तेच परत मागे लागून भरवा. दोडका मुलानं तीनदा नाकारला की ‘त्याला दोडका चालत नाही’ असं जाहीर करा, शक्यतो त्याच्यादेखत. नवी चव अंगवळणी पडायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, पण तेवढा दोडका आणायचा कुणी? साडेपाचला ग्लासभर दूध आणि खारी द्या, आणि साडेसातला त्याला भूक का नाही यावर एखादं व्याख्यान ऐका. मुलानं किती खायचं ते मुलानं ठरवावं, आपण फक्त काय, कधी, कुठे एवढंच ठरवावं, हा नियम छापून फ्रिजवर लावा. फ्रिजवर लावलेली गोष्ट पाळावी लागत नाही. आरत्यांच्या पुस्तकाचंही तसंच असतं.

भरवताना तुमच्या बुद्धिवादाची खरी परीक्षा. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. पूर्वी जेवणाआधी कावळ्यासाठी काकबळी काढून ठेवत. तुम्ही त्याच कावळ्याच्या नावानं घास काढता आणि पोराच्या तोंडात घालता, एवढीच काय ती सुधारणा. नाहीच खाल्लं तर बागुलबुवा आहे. देव नसतो, भूत नसतं, हे ज्या घरात मुलाला तिसऱ्या वर्षी समजावून सांगितलं जातं, तिथे बागुलबुवाला मात्र गॅलरीत कायमची जागा असते, आणि त्याला वांग्याची भाजी न खाणारी मुलं लागतात. त्याला घालवायचं झालं तर पोलिसकाका आणा. ते निदान प्रत्यक्षात असतात.

आजी आठवडाभर राहायला आली की वादात पडू नका. ती श्लोक म्हणेल, मुलं तिच्याबरोबर म्हणतील, सगळे एकदम पहिला घास घेतील आणि सव्वाआठला ताटं उचललेली असतील. तुम्ही याला ‘भाषासमृद्धी’ म्हणा. ती गेली की पुन्हा कृतज्ञता-फेरी सुरू करा.

आणि धाकटीकडे लक्ष ठेवा. ती दीड वर्षाची आहे, तिला कुणी काही शिकवलेलं नाही. ती ताटातली भाताची शितं एकेक करून उजव्या बाजूला, टेबलावर ओळीनं मांडते. मग पेला उचलते आणि ताटाभोवती गोल पाणी सांडते. आजीनं हे पाहिलं तर तिचे डोळे भरून येतील. चिमटीची पकड सुधारतेय, असं ठामपणे म्हणा आणि फडकं आणा.