तेल पिस्त्यातच असतं, ताई

ताई, माझ्या पिस्ता बटरच्या (म्हणजे तेल न घालता नुसते पिस्ते वाटून केलेल्या मऊ लगद्याच्या) कृतीवरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण राग हातात उतरला होता म्हणून थांबले. दोन दिवस झाले तरी ती मनातून जात नाही. प्रतिक्रियेच्या चौकटीत मावणार नाही एवढं सांगायचं आहे, म्हणून वेगळा लेखच करते.

बाकीच्यांसाठी निपाणीच्या या ताईंनी काय लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

"पिस्ता बटर करून बघितलं. साल नीट निघावी म्हणून पिस्ते रात्रभर भिजवले, सकाळी पुसून मिक्सरला लावले. पाऊण तास फिरवलं तरी भुगाच. मिक्सरला जळका वास यायला लागला. मध घातला तर आणखी घट्ट झालं. रंग पण तुमच्या फोटोसारखा नाही. अर्धा किलो पिस्ते वाया गेले. तेलाचा थेंब न घालता हे होणं शक्यच नाही. दोन चमचे तेल घाला म्हणून सरळ सांगायला काय होतं? वाचकांना फसवू नका. बेळगावच्या बाईने कुंदा, करदंट शिकवावा, हे श्रीमंतांचे चोचले कशाला?"

पिस्ते वाया गेले याचं मला खरंच वाईट वाटलं. बेळगावच्या रविवार पेठेत पिस्त्याचा भाव विचारताना माझीही जीभ अडखळते, त्यामुळे अर्धा किलो म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. आणि एक चूक माझी आहे, ती आधी कबूल करते. मूळ लेखात मी 'दोन वाट्या सोललेले पिस्ते' असं लिहिलं. कुणाची वाटी केवढी, याला काही धरबंध नसतो. वजनात लिहायला हवं होतं. माझ्या दोन वाट्या म्हणजे 200 ग्रॅम. तरीही दोन वाट्यांचे अर्धा किलो कुठल्याच घरात होत नाहीत, एवढं तुम्हीही मान्य कराल.

पण 'फसवू नका'?

मी नऊ वर्षं लिहितेय. लोकांनी मला मीठ जास्त पडलं म्हणून सांगितलंय, पाक चुकला म्हणून सांगितलंय, एकीने तर माझी मांड्यांची कृती वाचून 'हे तुम्ही स्वतः कधी केलंय का' असंही विचारलं होतं. त्या सगळ्यांना मी उत्तरं दिली आणि त्यातल्या काही जणी आज माझ्या घरी येतात-जातात. 'ताई, मला जमलं नाही, कुठं चुकलं?' एवढंच तुम्ही विचारलं असतंत, तर त्याच रात्री मी उठून पिस्ते भाजले असते आणि एकेका टप्प्याचे फोटो पाठवले असते. फसवणं म्हणजे माहीत असून खोटं सांगणं. मला त्यातून काय मिळणार होतं? मी तेल विकत नाही, पिस्ते विकत नाही, मिक्सरही विकत नाही. तुमचे पैसे गेले हे दुःख मोठं, पण त्यापायी दुसऱ्या बाईला खोटारडी ठरवायचा हक्क मिळतो का?

आता तेलाचं. ते मी सविस्तरच लिहिणार आहे, कारण तेलाबद्दल मला कुणी खोटं ठरवावं हे मला सहन होत नाही. माझे वडील तेलघाण्यावर कामाला होते. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, नंदगडच्या बाजारापासून लांब नाही. लाकडी घाणा, बैल जुंपलेला, आणि मी सुट्टीच्या दिवशी त्या गोलात बैलामागून चालत असायची. शेंगदाणा, तीळ, करडई, खोबरं. कुठल्या बियाण्याला तेल कधी सुटतं हे मी वाचायला शिकायच्या आधी शिकलेय. थंडीत घाणा लवकर 'धरायचा' नाही. वडील शेंगदाणे उन्हात पसरायचे, हाताला ऊब लागली की मगच घाण्यात घालायचे. दाणा कोमट असला की तेल पातळ होतं आणि वाट काढतं. पिस्ते भाजून गरम असतानाच वाटा असं मी लिहिलंय, ते तिथून आलंय.

आणखी एक गोष्ट तिथलीच. तीळ गाळताना वडील मधूनमधून पाण्याचा शिपका मारायचे. मी एकदा विचारलं, तेल पाहिजे तर पाणी कशाला? ते म्हणाले, "पाणी पेंडीला धरतं आणि तेलाला सोडतं." पाणी पडलं की बियाण्याचा चोथा आपापसात घट्ट बसतो आणि तेल बाजूला होतं. घाण्यात तेच हवं असतं. बटरमध्ये बरोबर त्याच्या उलट. तिथे तेल आणि चोथा एकमेकांत मिसळून राहायला हवेत. म्हणून बटरच्या भांड्यात पाणी नको, ओला चमचा नको, धुऊन नुसतं पुसलेलं झाकणही नको. आणि तुम्ही पिस्ते रात्रभर भिजवलेत. 'सकाळी पुसून' घेतलेत. पुसून वरचं पाणी जातं, दाण्याने रात्रभर प्यालेलं पाणी कसं जाणार? मी लिहिलं होतं: उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गाळा, फडक्यात चोळून साल काढा, मग कढईत मंद आचेवर दहा मिनिटं परता. तुमच्या प्रतिक्रियेत भाजण्याचा उल्लेखच नाही. एक मिनिटाचे आठ तास केले, भाजणं सोडलं, आणि खोटं मात्र मी बोलले?

पिस्त्यात वजनाच्या साधारण 45 टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे 200 ग्रॅम पिस्ते घेतले तर त्यात जवळजवळ 90 ग्रॅम तेल आधीच आहे. शेंगदाणा आणि बदाम याहून थोडे पुढे, 49-50 च्या आसपास, आणि अक्रोड तर 65 टक्क्यांपर्यंत. म्हणून अक्रोड मिक्सरमध्ये दोन मिनिटांत पाघळतो आणि पिस्ता वेळ खातो. तेल नाही म्हणून तो वेळ घेतो असं मुळीच नाही. ते दाण्याच्या पेशीपेशीत बंद असतं, पेशी फुटल्याशिवाय ते बाहेर येणार कसं?

बेळगावात आमच्या वडगाव भागात शेजारी कन्नड बोलणारं विणकराचं कुटुंब आहे. तिथल्या अक्का अजून उखळात शेंगाची चटणी कुटतात. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ, जिरं. बस्स. पहिल्यांदा ते सगळं कोरडं असतं, मुसळ मारलं की उडतं. मग भुकटी, मग भुकटीचे गठ्ठे. आणि मग एका क्षणी मुसळाच्या तोंडाला चकाकी येते, लाल तेलाची बारीक रेघ उखळाच्या कडेला दिसते, आणि अक्का म्हणतात, "एण्णी बिडतैति नोड." तेल सुटायला लागलं बघ. त्या चटणीत वरून थेंबभर तेल कुणी घालत नाही. ताई, तुमच्या निपाणीतही ही चटणी घरोघर होते. ती खाताना बोटाला लागलेलं तेल तुम्ही पुसलं असेलच. मग पिस्त्याला तेल सुटतं यावर विश्वास ठेवायला एवढं अवघड का जावं?

मिक्सरमध्ये हेच सगळं होतं, फक्त डोळ्याआड. आधी रवा. मग ओलसर भुगा, जो भांड्याच्या भिंतीला चिकटतो आणि पातं मधोमध मोकळं फिरत राहतं. इथे थांबून चमच्याने सगळं खाली ओढायचं. मग त्याचा लाडूसारखा गोळा होतो, आणि हाच तो टप्पा जिथे सगळ्या जणी हात टेकतात. मोटारीचा आवाज जड होतो, गोळा पात्यावर बसून राहतो, वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं. बंद करायचं, झाकण उघडायचं, पाच मिनिटं मिक्सरला विसावा द्यायचा, गोळा फोडायचा, परत अर्धा-एक मिनिट फिरवायचा. दोन-तीन वेळा असं केलं की गोळ्याच्या कडा चमकतात आणि मग तो एकाएकी मोडतो. आवाजसुद्धा बदलतो, घरघर थांबून मऊ फिरल्यासारखा येतो. माझ्या साध्या मिक्सरला, विसावे धरून, पाऊण तास लागतो, त्यात मोटार चालू असते ती जेमतेम पंधरा मिनिटं. तुम्ही सलग पाऊण तास फिरवलं असेल तर वास येणारच. मिक्सर बिघडला असेल तर त्याचं मला वाईट वाटतं. थांबून थांबून फिरवा असं मी लिहिलं होतं, ते कितीदा आणि किती वेळ हे लिहिलं नव्हतं, पण एवढं स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला कळतं असं मी धरून चालले.

मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा माझाही भुगाच झाला होता. श्रावणात, पावसाने सादळलेले पिस्ते, न भाजता. खानापूर-बेळगावच्या पावसात डब्यातलं मीठ पाझरतं, तिथे पिस्ते कोरडे कुठले राहणार? मी ज्यांच्याकडून ही गोष्ट ऐकली होती त्यांना फोन करून दोष दिला नाही. त्या भुग्यात दूध-साखर घालून वड्या केल्या आणि पुढच्या आठवड्यात पिस्ते भाजून परत बसले.

मग दोन चमचे तेल घालायला काय हरकत, असं तुमचं म्हणणं. हरकत आहे. तेल घातलं की भुगा लगेच भिजतो, लगदा झाल्यासारखा दिसतो आणि आपण मिक्सर थांबवतो. आतले दाणे मात्र फुटलेले नसतात. जिभेवर ते रव्यासारखे कचकचतात. वरून घातलेलं तेल चार दिवसांत बरणीच्या तोंडाशी येऊन बसतं, आणि पहिला वास पिस्त्याचा येण्याऐवजी सूर्यफुलाचा येतो. एवढे महागाचे पिस्ते आणायचे आणि चव स्वस्त तेलाची करायची, हे मी कुणाला शिकवणार नाही. तेल न घातलेल्या बटरवरही थोडा तवंग येतो, पण तो त्याच्याच अंगचा असतो. ढवळला की परत आत जातो.

मधाचं म्हणाल तर लेखात तो 'आवडत असल्यास' असा होता. मधात पाणी असतं, त्याने बटर आळतं. खाताना भाकरीवर वरून घालावा. रंगाचं म्हणाल तर भाजल्यावर पिस्त्याचा हिरवा थोडा मंदावतोच आणि साल राहिली तर तपकिरी छटा येते. पिस्ता आइस्क्रीमचा भडक हिरवा बहुतेक वेळा वरून घातलेल्या रंगाचा असतो. माझ्या फोटोत खिडकीचं ऊन आहे, रंग नाही.

आणि श्रीमंतांचे चोचले. याला उत्तर द्यावं की नाही असा विचार करत होते. पिस्ता इराणकडचा, आपला नाही, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर शेंगा तरी कुठल्या? त्या दक्षिण अमेरिकेतून आल्या. मिरचीही तिकडचीच. काजू पोर्तुगिजांनी गोव्यात आणला आणि आज आमच्या खानापूरच्या रानात तो आपला म्हणून उभा आहे. पिस्ता त्या काजूच्याच कुळातला, आणि आंबाही त्याच कुळातला. (ज्यांना काजूची ॲलर्जी आहे त्यांनी पिस्त्यापासूनही जपून राहावं, हे यानिमित्ताने सांगते.) गोकाकच्या करदंटात डिंक आणि गुळाबरोबर सुकामेवा घालणारे आपलेच लोक होते. कुंदा मी शिकवलाय, दोनदा, तुम्ही शोधलंत तर सापडेल. दूध आटून तांबूस होईपर्यंत चुलीपाशी बसून राहावं लागतं, तिथेही कुणी घाई करून रंग घालत नाही. बेळगावच्या बाईने काय लिहावं ते बेळगावची बाई ठरवेल.

आम्ही महिन्याला एक लहान बरणी करतो. सासऱ्यांचे दात गेलेत, त्यांना सुकामेवा चावत नाही. सकाळी गरम दुधात एक चमचा घालून देते. त्यांच्यासाठीच हे शिकले मी. तो चमचा ढवळताना दुधावर येणारी फिकट हिरवी साय ते आधी बघत बसतात, मग पितात.

तुमचा भुगा अजून टाकला नसेल आणि फ्रिजमध्ये ठेवला असेल, तर तो मंद आचेवर कढईत पसरून कोरडा करा. मध घातलाय म्हणजे लागायची भीती, सारखं परतत राहा. त्याचं बटर आता होणार नाही. दुधात शिजवून, लागेल तेवढी साखर घालून वड्या थापा. आंबूस वास येत असेल तर मात्र मोह धरू नका, टाकून द्या. पुढच्या वेळी 200 ग्रॅमच घ्या, आणि गोळा झाला की मला फोटो पाठवा. इतकं बोलूनही मी उत्तर देईन.

मूळ लेखात 'दोन वाट्या' काढून 200 ग्रॅम केलं आहे, पाच मिनिटांच्या विसाव्याची ओळही घातली आहे. 'तेल घालू नये' ही ओळ तशीच ठेवली आहे.