शोषखड्ड्यावर पेव्हर ब्लॉक

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'एकमताने' ठराव झाला. एकमताने म्हणजे माझा विरोध धरला नाही. मागच्या बाजूची उरलीसुरली माती आता पेव्हर ब्लॉकखाली जाणार. का, तर चिखल होतो आणि दोन गाड्या जास्त बसतील. तिथे पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा आहे ना, असं विचारलं, तर सेक्रेटरी हसून म्हणाले, "ताई, तो ओसीपुरता होता." ओसी म्हणजे इमारत वापरायला पालिका देते तो दाखला.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत फिनिक्सला असते. तिच्या घराजवळची बाग मधोमध बशीसारखी खोल. मी म्हटलं, अगं, एवढ्या श्रीमंत गावाला भरणीसाठी डंपरभर माती मिळेना? ती म्हणाली, "ताई, पाऊस येऊ दे, मग बोल." एका संध्याकाळी धुळीचे लोट आले आणि मागोमाग पाऊस. आजूबाजूच्या छपरांचं, रस्त्याचं सगळं पाणी त्या बागेत. झोपाळ्याच्या फळ्या पाण्याला टेकल्या, रस्त्यावर मात्र घोटाभरही नाही!

तिथे नियमच आहे. नवीन बांधकाम करताय? शंभर वर्षांतून एखाद्या वेळी येईल असा दोन तासांचा पाऊस तुमच्याच जागेत अडवा. आणि ते पाणी ३६ तासांत जिरलं किंवा निघून गेलं पाहिजे, नाहीतर डास होतात. हे कुठे, तर वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या वाळवंटात. आपल्याकडे जुलैतल्या एका दिवसात तेवढा पडून जातो.

दोनेक तासांवरचं टुसॉन मला त्याहून आवडलं. फिनिक्स म्हणतं, तुझं पाणी दुसऱ्याच्या दारात नको. टुसॉन म्हणतं, ते झाडांना दे. नवीन व्यापारी इमारतीच्या बागेला लागणारं निम्मं पाणी साठवलेल्या पावसाचं हवं, असा कायदा त्यांनी २००८ साली केला आणि २०१० पासून लावला. तिथल्या एका रहिवाशाने तर आधी बेकायदा फुटपाथची कड कापून रस्त्याचं पाणी झाडांच्या आळ्यात वळवलं होतं. पुढे पालिकेने तेच कायदेशीर केलं. आपल्याकडे पालिका आळ्यातसुद्धा सिमेंट ओतते.

आणि आपला नियम त्यांच्या आधीचा आहे, हो! मुंबईत २००२ मध्ये हजार चौरस मीटरवरच्या भूखंडांवरल्या नव्या बांधकामांना रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं झालं, २००७ मध्ये ती मर्यादा तीनशेवर आणली. म्हणजे अक्कल होती. ओसी हातात पडली की संपते.

मान्य, आपला पाऊस वेगळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याला कुठलाच खड्डा पुरला नसता. भरती असेल तेव्हा समुद्रही पाणी घेत नाही. आणि वाळवंटात गोल्फची हिरवळ पोसणारे फिनिक्सवाले काही संत नाहीत. पण हिंदमाताच्या सखल भागात तुंबणारं पाणी धरायला पालिकेने दादर-परळला मैदानांखाली टाक्या बांधल्याच ना? पाणी आधी अडवावं लागतं हे आता सगळ्यांना कळलंय. फक्त ते आपल्या कंपाउंडमध्ये नको.

आमच्या कंपाउंडचं पाणी कुठे जातं सांगू? भिंतीपलीकडच्या बैठ्या चाळीत. दर पावसाळ्यात तिथल्या काकू गाद्या आणि धान्याचे डबे पलंगावर चढवून बसतात. आम्ही वरून बघतो आणि 'बिचाऱ्या' म्हणतो. अहो, बिचाऱ्या कसल्या? आपलंच पाणी आहे ते! फिनिक्सच्या त्या बागेत झोपाळे पाण्याला टेकले तेव्हा भाचा वैतागला होता, तेवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं तिथेच चिखलाचे बूट घालून बागडत होती. कोणाच्या घरात पाणी गेलं नव्हतं.

असो. काकूंबद्दल मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं, पण तोवर चहा आला होता.

ज्यांच्या सोसायटीत शोषखड्डा खरोखर चालू आहे, त्यांनी कमेंटमध्ये फोटो टाका. मुंबई-ठाण्यातलेच टाका. फिनिक्सचं नाव काढलं की आमचे सेक्रेटरी म्हणतात, "मग तिकडेच राहा."