नवीन हेडमास्तरांसाठी चार शब्द

सर, हेडमास्तर झालात, अभिनंदन. आता आरशासमोर उभं राहून एक वाक्य पाठ करा, 'आमच्या शाळेत असले प्रकार होत नाहीत.' पालक येऊ देत, पत्रकार येऊ देत, बीईओ साहेब येऊ देत, वाक्य हेच. 2024 ला दहावीचा कोकण बोर्डाचा निकाल 99.01 टक्के लागला, राज्यात पहिला, नेहमीसारखा, मग एवढी हुशार पोरं कुणाला टाकीमागे नेऊन मारतील होय? निकाल काढलात की समोरचा गप्पच होतो.

बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट 2024 पासून, सरकारने सीसीटीव्हीचं कडक केलंय, तेव्हा लावाच. एक गेटवर, एक ऑफिसच्या दारावर. पाण्याच्या टाकीमागे नको, तिकडे पावसात वायर कुजते (पोरं मार पण तिथेच खातात, पण तो योगायोग). तक्रारपेटी तुमच्या केबिनच्या बरोबर समोर, म्हणजे चिठ्ठी कोण टाकतंय ते बसल्या जागी दिसतं. चाइल्डलाइनचा 1098 सायकल स्टँडच्या भिंतीवर रंगवा, सायकली लागल्या की 109 पर्यंतच वाचता येतो.

आता धर्माचा पेपर. समजा बंदरावरच्या मोहल्ल्यातला सातवीतला पोरगा आहे, त्याला बेंचवर कोणी बसू देत नाही, रोज 'तुझा देश कुठला रे' विचारतात, आणि एक दिवस त्याचं दप्तर खाडीत. मारामारी-दादागिरी म्हणून घेतलंत तर दोन तासांचं काम आहे, पोरांना बोलवा, त्यांच्या आईबापांना बोलवा, दप्तर भरून द्यायला लावा, संपलं. पण तसं अजिबात करायचं नाही. लगेच जाहीर करा की विषय नाजूक आहे. मग शाळा समिती, मानकरी, जमातीचे अध्यक्ष, दोन्हीकडचे तरुण तडफदार नेते, सगळ्यांना बोलवून सलोखा बैठक, चहा आणि कांदाभजी. कोणीतरी कर्नाटकातला 2022 चा हिजाबचा वाद काढणारच, सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली तो, तेव्हा हात जोडून म्हणा की एवढ्या मोठ्या लोकांचं एकमत झालं नाही तिथे आपण कोण. त्याचा खाडीतल्या दप्तराशी काय संबंध असं कोणी विचारत नाही, तोवर दप्तर कोणाच्या लक्षातच नसतं. खाडीपलीकडे मोहल्ल्यातल्या शाळेत एखादी पोरगी टिकलीवरून रडत असेल तर तिथल्या सरांनाही हीच कृती चालते, फक्त भजी त्यांच्याकडची. आणि तुमचा तो पोरगा पुढच्या जूनला उर्दू शाळेत गेला की मान हलवत म्हणायचं, 'हे लोक मिसळतच नाहीत बघा.'

तिसरा प्रकार सगळ्यात सोपा, कारण तिथे बैठकसुद्धा लागत नाही. नववीतला एक मुलगा, बारीक आवाज, हात हलवत बोलणारा, बायल्या हे नाव पाचवीपासूनच चिकटलेलं. जत्रेत दशावतारात बुवा राणी होऊन शालू नेसून उभा राहिला की पहिल्या रांगेतले कारभारी म्हणतात, 'काय दिसता रे, बायलमाणसांक लाजवता!' आणि बक्षीस पुकारतात. तेच कारभारी सोमवारी तुमच्यासमोर बसून सांगतील की त्या पोराच्या चालण्याने वर्ग बिघडतोय. माना डोलवा. मारणाऱ्यांना काही बोलू नका, ती कबड्डीची टीम आहे, तालुक्याची फायनल तोंडावर आलीय. ह्यालाच बोलवा, 'हात कमी हलव, छाती काढून चाल' सांगा, ह्याला समुपदेशन म्हणतात. आई येईल, 'सर, माझ्या झिलाचा काय चुकला?' म्हणेल, तिला पंख्याखाली बसवा, पाणी द्या.

एखाद्या नवीन बाई 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा काढतील, शाळेला भेदभाव करता येत नाही म्हणतील. घाबरू नका. त्यांना सांगा, अशा मुलांना शाळेत कसं सामावून घ्यायचं ह्याची शिक्षकांसाठी पुस्तिका एनसीईआरटीने 2021 मध्ये काढली होती, बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि ती काही दिवसांत वेबसाइटवरून गायब. दिल्लीला झेपलं नाही ते आपल्या दोन तुकड्यांना झेपणार? त्या पोराने स्वतःबद्दल कधी कोणाला एक शब्द सांगितलेला नाही, त्याला नुसतं मधल्या सुट्टीत मार न खाता मुतारीत जाऊन यायचंय, हे त्या बाईंना कळलेलं असतं कारण त्याची पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी जाते हे त्यांनी बघितलेलं असतं. असल्या बाईंना निवडणुकीची यादी द्या, वेळ राहत नाही.

शेवटी आईच दाखला मागेल. अडवू नका, वर्तणूक 'चांगली', शाळा सोडण्याचे कारण 'पालकांच्या विनंतीवरून', खाली सही शिक्का. फक्त तारीख गॅदरिंगनंतरची टाका हां, गौळणीत राधा करायला त्याच्याशिवाय आपल्याकडे कोणी नाही.