हवा कमी आहे

रिपोर्टच्या पहिल्या पानावर पाच नावं छापलीत. बाहेरच्या माणसाला वाटेल पाच जणांनी मिळून केलंय. आमच्या घरच्यांनाही तसंच वाटतं, आईने तर विचारलं पण, "पाच पोरं होतात तर मग रात्री दोनला तूच का टायपत बसायचास?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

बीएस्सी सेकंड इयर, फिजिक्सचा प्रोजेक्ट. मॅडमनी विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. बाकीच्यांना सोलर कुकर, टाकीचा अलार्म असले गरीब स्वभावाचे विषय आले आणि आम्हाला 'व्हॉलीबॉलचं भौतिकशास्त्र'. ग्रूपमध्ये नुसता आनंदीआनंद, कारण सगळ्यांना वाटलं खेळायचंय. मला पण वाटलं, खोटं कशाला बोलू.

माणसं सांगतो. एक लीडर, म्हणजे ज्याने व्हॉट्सॲप ग्रूप काढला तो, आपल्याकडे यापलीकडे काही पात्रता लागत नाही. एक कॉलेजच्या टीमची स्पायकर, म्हणजे नेटजवळ उडी मारून बॉल जोरात पलीकडे हाणणारी (त्या फटक्याला स्पाइक म्हणतात), ती कायम प्रॅक्टिसला. एक सुंदर अक्षरवाली, जिचं म्हणणं होतं की फायनल झालं की द्या, मी छान लिहून काढते. आणि एक पोरगा ज्याने चार महिन्यांत ग्रूपवर एक शब्द टाईप केला नाही, कुठलाही मेसेज आला की फक्त अंगठा. "उद्या दहाला ग्राउंडवर," अंगठा. "कोण कोण येणार?" अंगठा. "अरे म्हणजे तू येणार का?" अंगठा. त्याला आम्ही अंगठाच म्हणायला लागलो. आणि पाचवा मी, ज्याचं आयकार्ड जिमखान्यात ठेवून बॉल इश्यू झाला. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा.

बॉल मऊ होता. नियमाप्रमाणे व्हॉलीबॉलचं वजन २६० ते २८० ग्रॅम, घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर आणि आतला दाब चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो. वजन किराणा दुकानात केलं, २७० भरलं, घेर शिलाईच्या टेपने मोजला. दाबासाठी पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी विचारलं किती मारू, मी हिशेब करून सांगितलं, साडेचार पाउंड. काका माझ्याकडे बघतच राहिले. "साडेचार? साडेचारात सायकलसुद्धा उभी राहत नाही, बाळा." त्यांच्या मीटरचा काटा तेवढ्यासाठी जागचा हलायला तयार नव्हता. शेवटी त्यांनी पिन घालून दोन फुसके मारले, बॉल अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "टाइट आहे, ने." रिपोर्टमध्ये मी लिहिलं, दाब ०.३१. दुसरं काय लिहिणार?

मग उसळीचा प्रयोग. बॉल २ मीटरवरून सोडायचा, किती वर येतो ते भिंतीवरच्या खुणेवर बघायचं. कॉरिडॉरच्या फरशीवर साधारण १.१ मीटर येत होता, म्हणजे उसळीचा गुणांक (उसळतानाचा वेग भागिले आदळतानाचा वेग) ०.७४ च्या आसपास. दहा रीडिंग हवी होती. दोन घेतली तेवढ्यात वरच्या वर्गातले सर बाहेर आले आणि त्यांनी जे काही सांगितलं त्यानंतर उरलेली आठ आम्ही कँटीनमध्ये बसून 'घेतली'. सायन्सवाल्यांना जास्त सांगायची गरज नाही, रीडिंग घेणं वेगळं आणि बसवणं वेगळं, दुसरी कला अवघड, कारण सगळी सारखी आली तर मॅडमना कळतं आणि फार वेगळी आली तर आपल्यालाच कळेनासं होतं.

लीडर या काळात पीपीटी करत होता. वीस स्लाइडपैकी अकरा इतिहासाच्या. १८९५ साली अमेरिकेत होलयोकला विल्यम मॉर्गन नावाच्या वायएमसीएच्या माणसाने हा खेळ काढला, आधी नाव होतं मिंटोनेट, आणि काढला कशासाठी तर वयस्कर बिझनेसवाल्या लोकांना बास्केटबॉल झेपेना म्हणून. तेव्हाची नेट साडेसहा फूट, म्हणजे १.९८ मीटर. आता पुरुषांची २.४३. हे वाचून मला फार वाईट वाटलं, मी १३० वर्षं उशिरा जन्मलो. कारण पुढचा प्रयोग उडीचा होता आणि स्पायकर सोडून उडी मारायला मीच सापडलो. माझी उडी ३१ सेंटिमीटर. म्हणजे हवेत बरोबर अर्धा सेकंद. खेळाडू हवेत थांबल्यासारखा वाटतो ना, ते का तर उडीतला निम्मा वेळ हा वरच्या पाव उंचीतच जातो, हे गणिताने सिद्ध होतं. माझ्या बाबतीत वरची पाव उंची म्हणजे पावणेआठ सेंटिमीटर, तेवढ्यात पाव सेकंद मी थांबलो होतो म्हणे, पण व्हिडिओत कोणाच्या लक्षात आलं नाही.

खरा घोळ घातला स्पाइकने. साध्या व्हिडिओत बॉल बॉलसारखा दिसतच नव्हता, पांढरं दुधी भोपळ्यासारखं काहीतरी दिसायचं, म्हणून लीडरने मावसभावाचा फोन आणला, सेकंदाला २४० फ्रेमवाला. स्पायकरने मारले सहा, मस्त मारले. लीडरने रात्री व्हिडिओवरून वेग काढला आणि ग्रूपवर टाकला: ताशी ८ किलोमीटर. अंगठा आला. अक्षरवालीने विचारलं, फायनल ना, लिहू? आणि कोणालाच काही वाटलं नाही! ताशी ८ म्हणजे स्पाइक मारल्यावर मारणारीने नेटखालून पळत जाऊन स्वतःच तो उचलला असता. स्पायकरने मात्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर लीडरला म्हणाली, "ये, उभा राहा पलीकडे, आठचा आहे ना, घे." त्याने घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल. मग त्याला आठवलं की स्लो मोशन आठ पट हळू दिसतं आणि सेकंद त्याने तसेच मोजले होते. ८ गुणिले ८, ताशी ६४.

त्यातून एक चांगलं झालं, माझा संवेगाचा चॅप्टर मार्गी लागला. २७० ग्रॅमचा बॉल ताशी ६४ ने येऊन सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबला तर सरासरी ४८० न्यूटन, म्हणजे जवळपास सिमेंटचं एक पोतं, अर्थात तेवढ्या क्षणापुरतं. हात बॉलबरोबर जरा मागे नेले तर वेळ वाढतो, बल कमी होतं. लीडरने नेले नव्हते. आकृतीच्या जागी मी त्याच्या हाताचा फोटो लावला.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या फ्लोट सर्व्हिसने, म्हणजे बॉल न फिरवता मारलेल्या सर्व्हिसने. टॉपस्पिनचं सोपं आहे, बॉल पुढे फिरत जातो, मागची हवा वर ढकलतो, स्वतः खाली दबतो, मॅग्नस इफेक्ट, विषय संपला. पण न फिरणारा बॉल हवेत डोलतो हे टायपताना माझंच डोकं फिरलं. फिरत नाही म्हणून शिवणी एका ठिकाणी राहतात, मागे हवेचे भोवरे कधी इकडून सुटतात कधी तिकडून, त्यात वेगाच्या एका टप्प्यावर हवेचा विरोध एकदम बदलतो, त्यामुळे बॉल डोलतो. एवढं लिहायला मला तीन रात्री लागल्या आणि पान १४ भरलं.

व्हायवाला एक्स्टर्नल सर आले, रिपोर्ट उघडला नाही, बॉल उचलला, दाबला. "हवा कमी आहे." झालं, ०.३१ गेला. मग म्हणाले, फ्लोट का डोलतो? मी तोंड उघडणार तेवढ्यात अंगठा बोलला. चार महिन्यांत पहिल्यांदा. "सर, तळव्याच्या टाचेने मारायचा, मारला की हात जागीच थांबवायचा. फिरला तर कुठं पडणार ते समोरच्याला कळतं. नाही फिरला तर आपल्याला पण नाही." हा पोरगा गावाकडे आठवीपासून शूटिंगबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतोय, हे आम्हाला तिथे कळलं. सर म्हणाले, आणि कारण? तो म्हणाला, "ते यानं लिहिलंय बघा, पान १४." त्याने वाचलं होतं! एवढ्या माणसांत त्या एकट्याने!

सर म्हणाले, दाखव. सगळे ग्राउंडवर. सरांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि स्वतः पलीकडे उभे राहिले. पहिली सर्व्हिस त्यांच्या डाव्या खांद्याकडे निघाली आणि उजव्या गुडघ्याशी पोचली. दुसरीही तशीच. सर खूश, पॅन्टला माती, अजून एक म्हणाले, आणि ती तिसरी डोलत डोलत सरांच्या, नेटच्या, कंपाउंडच्या वरून शेजारच्या उसात गेली.

मार्क चांगले पडले, पाचही जणांना सारखे. बॉल सापडला नाही. ऊस गेला कारखान्याला, तरी नाही सापडला. जिमखान्याच्या रजिस्टरमध्ये तो माझ्या नावावर आहे आणि क्लार्क भाऊसाहेब म्हणतात बॉल किंवा पैसे दिल्याशिवाय आयकार्ड नाही. परवा ग्रूपवर टाकलं, बॉलचे पैसे पाच जणांत वाटून घेऊया का? चौघांनी वाचलं. एक अंगठा आला.