माझा दुपट्टा, त्याचं गजकर्ण
आमच्या कापसाच्या जिनिंगमधला एक भाऊ तीन महिन्यांपासून गजकर्ण घेऊन कामावर येऊन राह्यला. सुटी घे म्हटलं तर रोजी कोण देईन? तेही खरंच. पण बापा, घाम पुसाले तुले माझाच दुपट्टा काऊन लागते? कमरेवर हा एवढा लाल चट्टा, कडेनं बारीक पुरळ, अन् त्याच खाजवलेल्या हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून म्हणते, "घे!"

मेडिकलवाल्यानं स्टेरॉइडची ट्यूब दिली. आठ दिवस खाज बसते, मलम सोडला का डबल पसरते. डॉक्टरनं चार आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, यानं पाचव्या दिवशीच बंद!

काल माझ्या मांडीवर रुपयाएवढं गोल उठलं. त्याले दाखवलं, तर म्हणते, "उष्णता असंन, ताक पी."