नाशिकची कोंडी द्वारका चौकात सुटणार नाही

मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे मिळतात त्या द्वारका चौकाचे काय करायचे, हा प्रश्न नाशिकमध्ये इतकी वर्षे चर्चेत आहे की शहराच्या वाहतुकीचा प्रश्न म्हणजेच द्वारका, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. सर्कल लहान करावे, काढूनच टाकावे, सिग्नलची वेळ बदलावी, भुयारी मार्ग करावा, वरून आणखी एक पूल न्यावा, असे उपाय आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. चौकाची रचना नीट असलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु द्वारकेला अडकणाऱ्या बहुतेक वाहनांचा प्रवास तिथे सुरूही होत नाही आणि संपतही नाही. त्या संपूर्ण प्रवासाचे नियोजन होत नाही तोवर एका चौकातली कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसणार, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास या चौकात थोडा वेळ उभे राहून नुसते पाहावे. पुणे रस्त्याने सिन्नरची एसटी येते, तिच्या मागे नाशिकरोडहून भरून आलेल्या शेअर रिक्षांची रांग असते. आडगावकडून येणाऱ्या दुचाकी अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांकडे निघालेल्या असतात. बाजार समितीतून परतणारे रिकामे पिकअप, शाळेच्या व्हॅन, कंपन्यांच्या बस, हंगाम असेल तर पिंपळगावकडून द्राक्षे घेऊन न्हावा-शेवा बंदराकडे निघालेला कंटेनर, आणि या सगळ्यांच्या मधून टिगरानिया रस्त्याकडे जाण्यासाठी हात दाखवत रस्ता ओलांडणारी माणसे. यातल्या प्रत्येकाला तिथून बाहेर काढण्याचा उपाय वेगळा आहे. कंटेनरला शहराबाहेरचा वळणरस्ता हवा, सिन्नरच्या प्रवाशाला वेळेवर जोडबस हवी, अंबडच्या कामगाराला शिफ्टच्या वेळेशी जुळणारी बस हवी, आणि पायी चालणाऱ्याला सलग पदपथ हवा. एका पुलाने या चौघांचे काम होणार नाही.

पुलाचा अनुभव आपण घेतलेलाही आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरचा शहरातून जाणारा उड्डाणपूल २०१३ मध्ये सुरू झाला. थेट धुळ्याकडे किंवा मुंबईकडे जाणारी वाहने वरून जाऊ लागली, हा त्याचा खरा फायदा झाला आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण खाली मोकळी झालेली जागा शहराच्या स्वतःच्या वाढत्या वाहनांनी काही वर्षांतच भरून टाकली. रस्ता मोकळा झाला की जे लोक बसने जात होते किंवा वेळ बदलून निघत होते तेही वाहन घेऊन त्याच वेळी बाहेर पडतात. हे जगभरच्या शहरांत घडले आहे आणि नाशिक त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

नाशिक हे मुळात एका केंद्राभोवती वाढलेले शहर नाही. महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली तीच नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या वेगवेगळ्या नगरपालिका व आसपासची खेडी एकत्र करून. रेल्वे स्थानक एका टोकाला, कारखाने दुसऱ्या टोकाला, मंदिरे आणि बाजार गोदावरीच्या दोन्ही काठांना, अशी ही रचना आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४.८६ लाख होती, पण रोजच्या प्रवासाचे नाशिक त्याहून कितीतरी मोठे आहे. सिन्नर, घोटी, इगतपुरी, त्र्यंबक, गिरणारे, दिंडोरी, ओझर, निफाड, भगूर या सगळ्या ठिकाणांहून माणसे कामाला, कॉलेजला, दवाखान्यात आणि कोर्टात रोज येतात, आणि तितकीच माणसे शहरातून सिन्नर-गोंद्याच्या औद्योगिक वसाहतींकडे जातात. महापालिकेची हद्द ओलांडताना या प्रवाशाला काहीही जाणवत नाही; नियोजन मात्र त्या हद्दीवर येऊन थांबते.

रेल्वे शहरापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे ही अडचण आपल्या पूर्वजांनाही कळली होती. स्टेशनपासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती चालली. म्हणजे गाडीतून उतरणाऱ्या माणसाला पुढे गावात नेणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व नाशिकने त्या काळात स्वीकारले होते. आज रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेस मुंबईहून येते तेव्हाचे स्थानकाबाहेरचे दृश्य पाहावे. दिवसभर काम करून थकलेली माणसे जिन्यावरून घाईने उतरतात, बाहेर "शालिमार, सीबीएस, एक सीट" अशी हाकाटी चालू असते, काहींना न्यायला घरचे कोणीतरी दुचाकी घेऊन आलेले असते आणि ज्यांना कोणी नाही ते रिक्षावाल्याशी भाड्यावरून बोलत उभे असतात. गाडी उशिरा आली तर तिच्यासाठी थांबलेली बस असेलच, याची खात्री कोणालाच नसते. १९७५ पासून धावणाऱ्या, नाशिककरांच्या रोजीरोटीशी जोडलेल्या गाडीची ही स्थिती असेल, तर बाकीच्या गाड्यांचा विचारच नको.

यात कोणा एका कार्यालयाला दोष देऊन चालणार नाही, कारण प्रत्येक जण आपापले काम करत असतो. शहर बससेवा महापालिकेच्या कंपनीकडे आहे. सिटीलिंक ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली आणि त्याआधी हीच सेवा एसटी देत होती. एसटी राज्याच्या महामंडळाकडे, रेल्वे केंद्राकडे, महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाकडे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, प्रस्तावित मेट्रो निओ महामेट्रो कंपनीकडे, हद्दीबाहेरचा विकास महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे आणि रिक्षांचे परवाने परिवहन कार्यालयाकडे. सिन्नरहून निघालेली बाई सातपूरच्या कारखान्यात किती वेळात, किती खर्चात आणि किती सुरक्षितपणे पोहोचली, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी एकाही यंत्रणेला द्यावे लागत नाही.

त्र्यंबक रस्त्याचे उदाहरण घ्या. त्या मार्गावर एसटीही धावते आणि सिटीलिंकही. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. शहर बसचे दर आणि सवलती वेगळ्या ठरतात. तिकीट एकमेकांत चालत नाही, वेळापत्रके एकमेकांना विचारून होत नाहीत. दोन्ही सार्वजनिक पैशांवर उभ्या असलेल्या सेवा एकमेकींचे प्रवासी घेतात, आणि ज्या आडवळणाच्या गावाला दिवसातून मोजक्याच फेऱ्या मिळतात तिथल्या मुलीला कॉलेजसाठी वडिलांच्या मोटरसायकलवर अवलंबून राहावे लागते. एकत्र नियोजन झाले तर त्याच बस, तेच चालक आणि तेच इंधन वापरून फेऱ्यांची वाटणी कितीतरी न्याय्य होऊ शकेल.

मेट्रो निओबद्दलही लिहिले पाहिजे. राज्याने २०१९ मध्ये तिला मंजुरी दिली आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. उन्नत मार्गावरून, वरच्या तारेतून वीज घेत रबरी टायरवर धावणारी ही गाडी गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका अशा दोन मुख्य मार्गांवर धावणार होती. ती झाली तर मला आनंदच आहे. पण तिची वाट पाहण्यात जी वर्षे गेली त्या वर्षांत याच मार्गावर ठरलेल्या अंतराने बस सोडणे, गर्दीच्या वेळी बसला स्वतंत्र मार्गिका देणे, थांब्यांवर सावली आणि दिवे करणे या गोष्टी फार कमी खर्चात होऊ शकल्या असत्या. मोठ्या प्रकल्पाच्या घोषणेने लहान कामांची निकड कमी वाटू लागते, हे नाशिकचे मोठे नुकसान आहे.

रेल्वेच्या बाबतीत आपण फक्त मुंबईचा विचार करतो. कसाऱ्याच्या घाटात चढ १:३७ इतका तीव्र आहे, गाड्यांना मागून जादा इंजिन लावावे लागते, आणि नाशिकपर्यंत लोकल आणण्याची मागणी त्यामुळेच इतकी वर्षे रेंगाळली आहे. मात्र घाटाच्या वर, इगतपुरीपासून मनमाडपर्यंत, घोटी, अस्वली, देवळाली, नाशिकरोड, ओढा, कसबे सुकेणे, निफाड, लासलगाव अशी स्थानकांची तयार माळ आपल्याकडे आहे. या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ नियमित शटल मिळाली तर निफाड आणि घोटी या दोन्ही बाजूंचा मोठा प्रवासी वर्ग रस्त्यावरून उतरेल. त्यासाठी मुख्य मार्गावर जादा मार्गिका लागतील हे खरे आहे, परंतु ती मागणी जिल्ह्याने एकमुखाने, आकडेवारीसह मांडलेली मी तरी पाहिलेली नाही. पुण्याकडे तर थेट रेल्वेमार्गच नाही. प्रस्तावित २३५ किलोमीटरच्या मार्गाला खोडदजवळच्या रेडिओ दुर्बिणीचा अडथळा आला आणि मार्ग शिर्डीकडून नेण्याचा विचार पुढे आला. दुर्बिणीचे रक्षण झालेच पाहिजे. पण संगमनेर-चाकणचा रोजचा प्रवासी त्यामुळे रस्त्यावरच राहणार असेल, तर पुणे महामार्गाच्या आणि आपल्या द्वारकेच्या नियोजनात तो भार आजच धरायला हवा.

समृद्धी महामार्गाने हाच धडा नव्याने दिला आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि घाट ओलांडणे सोपे झाले, पण पुढे वडपे ते ठाणे या पट्ट्यात गाड्या पुन्हा एकमेकींच्या मागे उभ्या राहतात. रस्त्याचा एक तुकडा वेगवान केला की कोंडी त्याच्या टोकाशी जमा होते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. संपूर्ण प्रदेशाचा एकत्र विचार करणे नाशिकला जमत नाही असे अजिबात नाही. आपण ते सिंहस्थात करतो. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला आणि गर्दीच्या नियोजनाकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर गंभीर झाली. २०१५ मध्ये शहराबाहेर वाहनतळ उभारले गेले, तिथून एसटीच्या बस सोडल्या गेल्या आणि पोलीस, महापालिका, एसटी व रेल्वे यांनी एकमेकांशी बोलून निर्णय घेतले. त्या व्यवस्थेत त्रुटी होत्याच, भाविकांना आणि स्थानिकांना फार चालावे लागले, तरीही प्रवास ही एक सलग गोष्ट आहे हे त्या दिवसांत सर्वांनी गृहीत धरले होते. पर्वण्या संपल्या आणि ती व्यवस्था मोडली.

येत्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्यासाठी २०२५ मध्ये कायद्याने कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झाले. माझी मागणी अशी आहे की या प्राधिकरणाचा वाहतूक विभाग सिंहस्थानंतर विसर्जित करू नये. त्यालाच नाशिक प्रदेशाचे कायम एकात्मिक वाहतूक प्राधिकरण करावे. ही कल्पना नवी नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यायला सांगितले आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने केंद्राच्या मदतीसाठी अशा प्राधिकरणाची अटच घातली. जर्मनीतल्या हॅम्बुर्गने वाहतूक सेवा एका तिकिटाखाली आणण्यासाठी १९६५ मध्येच त्यांची एकत्रित संघटना स्थापन केली. चेन्नईत कायदा २०१० मध्ये झाला, पण बस, मेट्रो आणि लोकल एका क्यूआर तिकिटावर यायला २०२५ उजाडले, कारण मधली बरीच वर्षे प्राधिकरण कागदावरच राहिले.

म्हणून आणखी एक कार्यालय उघडून भागणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्याकडे निर्णयाचे बळ हवे. एसटी आणि शहर बसची वेळापत्रके व थांबे ठरवणे, एकाच तिकिटाचे उत्पन्न दोघांत वाटणे, आणि प्रदेशातला कोणताही मोठा रस्ता किंवा पूल मंजूर होण्यापूर्वी त्याने किती माणसांचा प्रवास सुधारेल हे तपासणे, एवढे अधिकार मिळाले तरी पुष्कळ होईल. "नाशिककर दुचाकी सोडणार नाही" असेही मला ऐकवले जाते. पहाटेच्या शिफ्टला अंबडला पोहोचायचे असलेल्या कामगाराला आज दुसरा पर्याय नाही, म्हणून तो दुचाकीवर आहे. दहा मिनिटांच्या आत दुसरी बस आणि तेच तिकीट, असे मिळाले तर त्यांच्यातले बरेच जण पेट्रोलचा खर्च वाचवतील.

राहिला प्रश्न नियोजित परिक्रमा मार्गाचा. सुमारे ६६ किलोमीटरचा हा वळणरस्ता अवजड वाहनांसाठी अत्यंत आवश्यक आहे. देवळालीहून ७ ऑगस्ट २०२० रोजी दानापूरला गेलेल्या पहिल्या किसान रेल्वेने शेतमाल रेल्वेने जाऊ शकतो हे दाखवले, तरीही कांदा आणि द्राक्षांचा मोठा भार रस्त्यावरच राहणार आहे. पण मुंबई-आग्रा महामार्गही एके काळी गावाबाहेरूनच जात होता. त्याच्या दोन्ही बाजूंना लेआउट पडले, लॉन्स आणि शोरूम आल्या, प्रत्येकाने आपापला रस्ता महामार्गाला जोडून घेतला आणि महामार्ग शहराचा मुख्य रस्ता झाला. परिक्रमा मार्गाच्या कडेचे बांधकाम परवाने कोण आणि कोणत्या नियमाने देणार, किती अंतरावर जोडरस्ते असणार, मालट्रकांचे तळ आणि बसचे थांबे कुठे असणार, याचा आराखडा रस्त्याच्या भूसंपादनासोबतच जाहीर झाला पाहिजे, आणि त्यावर सिन्नर, निफाड, दिंडोरी व त्र्यंबक तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या हरकती-सूचना त्यांच्या गावात जाऊन ऐकल्या गेल्या पाहिजेत.