कालेबाची चाळीस वर्षे

‘अकरा दिवसांच्या वाटेला इस्राएली लोकांना चाळीस वर्षे लागली, कारण कुरकुर करता करता ते रानात वाट चुकले, तुम्ही कुरकुर थांबवा, तुमचेही वाळवंट संपेल,’ असा संदेश हल्ली सर्वत्र फिरतो आहे. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, दर शब्बाथला (शनिवारी) तोराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचा, ठरलेला भाग वाचतात, त्या क्रमात मराठी बायबलमधले ‘गणना’ हे पुस्तक शावुओत या सणाच्या सुमारास सुरू होते. हिब्रूत त्याचे नाव ‘बमिदबार’, म्हणजे ‘रानात’. ते सलग वाचले, तर या संदेशातले एकही विधान टिकत नाही.

अकरा दिवसांचा उल्लेख पुढच्या, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आरंभी आहे, पण ते अंतर होरेब (सीनाय) डोंगर ते कनान देशाच्या सीमेवरचे कादेश-बर्ण्या एवढेच आहे, आणि कादेशला तर इस्राएली लोक मिसर सोडल्यावर दुसऱ्याच वर्षी पोहोचले होते.

वाट चुकण्याचे म्हणाल, तर गणनेच्या 33व्या अध्यायात 42 मुक्काम नावानिशी नोंदवले आहेत. ‘ते निघाले आणि त्यांनी तळ दिला’ हे शब्द तिथे इतक्या वेळा येतात की ऐकणाऱ्याला पावलांची लय जाणवू लागते. अकराव्या शतकातील ज्यू भाष्यकार राशी हिशेब मांडतो, की पहिल्या वर्षातले 14 आणि शेवटच्या वर्षातले 8 मुक्काम वगळले, तर मधल्या 38 वर्षांत केवळ 20 वेळा तळ हलला. म्हणजे बहुतेक काळ हे लोक भटकत नव्हते, एका जागी राहून मुले वाढवत होते.

कुरकुरीचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. काही कुरकुरींना कठोर शिक्षा झाली हे खरे. पण प्रेताच्या विटाळामुळे वल्हांडणाला, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाला, मुकलेल्या माणसांनी ‘आम्हाला का वगळता?’ असे विचारले, तेव्हा त्यांच्यासाठी महिन्याभराने दुसरा वल्हांडण नेमण्यात आला. सलाफहाद नावाच्या माणसाच्या पाच मुली लोकांचा नेता मोशे, याजक आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसावे, असे म्हणाल्या. त्यावर देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले आणि वारसाहक्काचा नियमच बदलला. चाळीस वर्षांची शिक्षा झाली ती कनान देश पाहायला पाठवलेल्या हेरांच्या भयाला बळी पडून त्या देशात जायला नकार दिल्याबद्दल, हेरगिरीच्या 40 दिवसांपैकी दर दिवसामागे एक वर्ष या हिशेबाने.

आणि ती भोगली कोणी? ज्यांनी नकार दिला त्यांनी तर भोगलीच, पण त्यांच्या मुलांनीही, ज्यांचा यात काहीच दोष नव्हता. हेरांपैकी यहोशवा आणि कालेब या दोघांनी ‘चला’ म्हटले होते, लोक त्यांना दगडमार करायला उठले होते, तरी तेही इतरांबरोबर तितकीच वर्षे चालले. आजारपणात किंवा बेकारीत वर्षे काढणाऱ्या माणसाला ‘तुझे वाळवंट तुझ्याच तोंडामुळे लांबले’ असे सांगणाऱ्याने आधी कालेबाला उत्तर द्यावे, कारण हेर म्हणून निघाला तेव्हा तो 40 वर्षांचा होता आणि पुढे नेता झालेल्या यहोशवापुढे उभा राहून त्याने हेब्रोनचा डोंगरी मुलूख मागितला तेव्हा 85 वर्षांचा.